फारुख खरा की फ्रेडी?

फुटाळ्याचा वारा

माझे वरचे दात पुढे आहेत. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत माझे ओठ मिटलेले दिसतील. एकविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि तोंड मिटायला आणखी एक कारण मिळालं. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात म्हणालो, "मी रिपोर्ट बनवून राहिलो." टेबलावरचे चौघे हसले. "कुठे राहिलास?" एकाने विचारलं. पोरं वाईट नव्हती. पण त्या दिवसापासून मी आधी मनात वाक्य जुळवायचो, मग बोलायचो. करतोय, येतोय, अरे काय रे. सहा महिन्यांत इतका सफाईदार झालो की फोनवर आई म्हणाली, "हे कोण बोलून राहिलं?"

अशात एका रात्री रूमवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघितला. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली मैदान, सत्तर हजारांवर माणसं आणि पांढऱ्या बनियनमधला एक मिशीवाला, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. जेमतेम वीस मिनिटं. खरं सांगायचं तर मी गाण्यांकडे लक्षच दिलं नाही, त्याचे दात बघत होतो. फ्रेडी मर्क्युरीच्या तोंडात चार दात जास्तीचे होते आणि काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले. मुलाखतीत हसू आलं की ओठ ओढून घ्यायचा, हात तोंडावर न्यायचा. स्टेजवर मात्र पूर्ण जबडा उघडा.

मग कळलं की हा मूळचा फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला आणि आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला पाठवलेला. 'हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्या शाळेतला. मुलं त्याला फ्रेडी म्हणायला लागली तीही तिथेच. म्हणजे त्या नावाचा अर्धा भाग लंडनचा नाहीच, सातारा जिल्ह्याचा आहे!

१९६४ च्या क्रांतीनंतर घरच्यांना झांझिबार सोडून इंग्लंड गाठावं लागलं. तिथे त्याने हीथ्रोवर सामान उचललं, ईलिंगला ग्राफिक डिझाइन शिकला, क्वीन बँडचं बोधचिन्ह स्वतः काढलं आणि मर्क्युरी हे आडनावही स्वतःच लावून घेतलं. 'आहे तसा' तो कधी राहिलाच नाही. तरी मला तो माझ्या ओळखीतल्या कुठल्याही अस्सल माणसापेक्षा अस्सल वाटतो.

मागच्या वर्षी मी नागपूरला परत आलो. मिहानमध्ये नोकरी करतो, रविवारी धरमपेठेतल्या एका कॅफेत चार मित्रांबरोबर गातो, तोंड उघडून. मिशीही ठेवली आहे (आईच्या मते हवालदार दिसतो). पंचविशीत आपला आवाज दुसऱ्या कुणाकडून सापडला तर ती नक्कल म्हणायची का?

सदाशिवी

हो, नक्कलच. राग मानू नका.

तुमचा नायक बघा. आडनाव बदललं. झांझिबार आणि हिंदुस्थानबद्दल बोलायची वेळ आली की विषय टाळला. एड्स झाल्याचं निवेदन निघालं २३ नोव्हेंबर १९९१ ला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. इतकं झाकून ठेवणारा माणूस अस्सलपणाचा गुरू कसा? तुम्ही पुण्यात बोली झाकलीत, त्याने लंडनमध्ये गाव झाकलं. स्वतःच्या बाबतीत तुम्हाला त्याची लाज वाटते आणि त्याच्या बाबतीत तेच शौर्य वाटतं. हिशोब जुळत नाही.

तर्री मारके

काऊन बे सदाशिवी, आधी हसलं कोण होतं? तुम्ही हसा, आमच्या पोरानं तोंड बंद केलं की मग तुम्हीच विचारा, तोंड काऊन बंद केलं बे?

आन् आजार सांगायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. माह्या काकानं कॅन्सर झाल्याचं घरात कोणाले सांगितलं नोहतं. तो काय खोटा माणूस होता?

जुना रेकॉर्ड

नाव बदललं म्हणजे माणूस खोटा, हा न्याय मराठीत लावायला गेलात तर कवितेचं अर्धं कपाट रिकामं होईल. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, सगळीच घेतलेली किंवा मिळालेली नावं. आणि लांब कशाला जायचं? आपल्या नागपूरचे माणिक गोडघाटे. इन्ग्रिड बर्गमनच्या एका सिनेमातल्या वाक्यातला शब्द उचलला आणि ग्रेस झाले. मराठी कवी, इंग्रजी नाव, तेही एका परदेशी नटीच्या ओढीतून. त्यांच्या कवितेला नक्कल म्हणायला धजेल का कोणी?

अवांतर: पारशी माणूस नागपूरला परका नाही. जमशेटजींनी एम्प्रेस मिल इथे सुरू केली ती १८७७ साली. आमच्या लहानपणी आजोबा मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे.

सदाशिवी

ग्रेस यांनी नाव घेतलं, गाव पुसलं नाही. फरक आहे.

बर्डीवाली

हा फरक सांगणं सोपं आहे. पुण्यात मी खोली शोधत होते तेव्हा तीन घरांत पहिला प्रश्न आडनावाचा होता. भाडं, डिपॉझिट वगैरे नंतर. चौथ्या घरी मी फक्त नाव सांगितलं, आडनाव गिळलं, आणि खोली मिळाली. मी खोटी झाले का?

इंग्लंडातला तो काळही बघा. १९६८ साली इनॉक पॉवेलसारखा खासदार बाहेरून आलेल्यांविरुद्ध उघड भाषण देतो आणि त्याच्या पाठिंब्यासाठी गोदी कामगार मोर्चा काढतात. त्याच देशात सावळ्या रंगाचा एक पोरगा गायक व्हायला निघालाय. त्याने मर्क्युरी का घेतलं ते त्यालाच ठाऊक. पण नाव झाकणं ही प्रत्येकाची हौस नसते, एवढं तरी धरून चला.

आता धागाकर्त्याशी माझं भांडण. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. त्यांनीही जुनं सोडून नवं घेतलं, पण लाखो लोकांसमोर, मोठ्याने, काय सोडतोय ते एकेक उच्चारून. तुमच्या फ्रेडीने जुन्याबद्दल मौन धरलं. दोघांनी स्वतःला नव्याने घडवलं, कबूल. पण 'आहे तसा राहिला नाही, तरी अस्सल' या तुमच्या म्हणण्यात हे दोन्ही मार्ग एकच ठरतात, ते मला पटत नाही.

झिरो माईल

सगळे नावातच अडकलेत. १९८४ साली क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले. वर्णभेद चालू होता, कलाकारांनी तिथे जायचं नाही असा बहिष्कार होता, तरी गेले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. ज्याला स्वतःचा सावळा रंग ठाऊक होता त्याने तिथे जाऊन गाणं, याला तुमच्या अस्सलपणाच्या वहीत कुठे लिहिणार? पोस्टर लावायच्या आधी पोस्टरची मागची बाजूही बघावी.

फुटाळ्याचा वारा

झिरो माईल, सन सिटीचं मला माहीत होतं. मुद्दाम लिहिलं नाही. वाचून दोन दिवस त्याची गाणी लावली नव्हती, मग पुन्हा लावली. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

बर्डीवाली ताई, तुमच्या आजोबांसमोर माझं उदाहरण फारच किरकोळ आहे. मला पुण्यात फक्त हसले होते, घर नाकारलं नव्हतं. मौन आणि घोषणा मी एक धरले, ती चूक. मला त्याचं मौन पटतं कारण मी स्वतः तीन वर्षं तेच केलं, एवढंच.

सदाशिवी काका, तुमचा हिशोब मात्र मला मान्य नाही. त्याने नाव बदलून दुसऱ्यासारखं व्हायचा प्रयत्न केला नाही. मर्क्युरी नावाचा माणूस आधी नव्हताच. मी पुण्यात जे केलं ते ऑफिसातल्या त्या चौघांसारखं होण्यासाठी. माझी लाज तिथली आहे.

सदाशिवी

हा मुद्दा बरा आहे. पण त्याचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला, हेही वाचा. शेवटी फारुखच उरला ना?

तर्री मारके

मेल्यावर सगळेच मायबापाचे होते. जिता असताना कोणाचा होता ते सांग.

जुना रेकॉर्ड

धागाकर्ते, एक विचारतो. तुम्ही गाता ते सगळं इंग्रजीच का? मराठी एकही नाही?

फुटाळ्याचा वारा

गाणी इंग्रजीच आहेत सर. पण खरी अडचण गाण्यांच्या मधल्या बोलण्याची आहे. मागच्या रविवारी माईकवर माझ्या तोंडून निघालं, "यानंतर आम्ही सादर करत आहोत." समोर सगळी धरमपेठ-रामदासपेठेची मंडळी. ड्रमवाला मागून ओरडला, "काऊन बे, आकाशवाणी लावली का?" लोक हसले. पुण्यात नागपुरी बोललो म्हणून हसले होते, इथे पुणेरी बोललो म्हणून. घाबरून मी पुढचं वाक्य नागपुरीत बोललो, तर तेही नाटकात बोलल्यासारखं वाटलं. आता यातली माझी बोली कोणती ते मलाच कळून नाही राहिलं.

गाताना मात्र हा प्रश्न येत नाही. का, ते माहीत नाही.

बर्डीवाली

माईकवर कमी बोला मग. तो तरी कुठे भाषणं द्यायचा? 'ए-ओ' करायचा आणि अख्खं मैदान ओरडायचं.

सदाशिवी

पुढच्या महिन्यात कामासाठी नागपुरात आहे. रविवार सापडला तर ऐकायला येईन. मत बदललेलं नाही. आणि ती मिशी असेल तर मी मागच्या रांगेत बसेन.

तर्री मारके

मागची रांग नाही बे तिथं. सहाच टेबलं आहेत.