एका ठोशाची ताकद मोठी की बारा फेऱ्यांचं कौशल्य?

उजवा_हात

हेवीवेट बॉक्सिंगची चर्चा निघाली की हल्ली जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), फुटवर्क (पायांची हालचाल) आणि अंतर राखणं यांचंच कौतुक जास्त होतं. माझं मत उलट आहे. या वजनगटात नॉकआउटची ताकद हाच सगळ्यांत मोठा गुण. इतर गटांत दोघांचं वजन जवळपास सारखं असतं. हेवीवेटला 200 पौंडांच्या वर मर्यादाच नाही. एवढ्या वजनाचा माणूस पायातून, कमरेतून जोर आणून उजव्या हाताचा ठोसा सोडतो आणि तो हनुवटीवर बसतो, तेव्हा डोकं झटक्यात फिरतं आणि पाय शरीराचे राहत नाहीत.

1941 मध्ये बिली कॉन जो लुईपेक्षा सुमारे 25 पौंडांनी हलका होता, तरी पंधरांपैकी बारा फेऱ्यांनंतर दोन गुणकार्डांवर पुढे आणि तिसऱ्या कार्डावर बरोबरीत होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला नॉकआउट केलं. 1952 मध्ये जर्सी जो वॉलकॉटने रॉकी मार्सियानोला पहिल्याच फेरीत पाडलं, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही कार्डांवर तोच पुढे. तेराव्यात मार्सियानोचा एक आखूड उजवा आला आणि वॉलकॉटचं जगज्जेतेपद गेलं. नोव्हेंबर 2019 मध्ये लुइस ऑर्टिझ तिन्ही कार्डांवर आघाडीवर असताना डिऑन्टे वाइल्डरने सातव्या फेरीत एका उजव्यात लढत संपवली.

कौशल्यवाल्याला 36 मिनिटं बिनचूक काढावी लागतात. ठोसेबाजाला एक सेकंद पुरतो.

जॅबवाला

उदाहरणं खरी आहेत, पण ती जिंकलेल्यांची आहेत. ज्यांचा तो एक सेकंद आलाच नाही त्यांचं काय? अर्नी शेव्हर्स घ्या. 74 विजय, त्यांतले 68 नॉकआउट. हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वांत जड हातांमध्ये त्याचं नाव घेतात, पण जगज्जेता तो एकदाही झाला नाही. 1977 मध्ये दुसऱ्याच फेरीत त्याने मुहम्मद अलीला हादरवलं. अली पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. 1979 मध्ये सातव्या फेरीत त्याने लॅरी होम्सला आडवं केलं. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत त्यानेच शेव्हर्सला संपवलं. म्हणजे तो सेकंद आला, ठोसाही बसला, तरी पुरला नाही.

किन्शासातली अली-फोरमन लढत तर विसरताच येत नाही. 30 ऑक्टोबर 1974 च्या आधी जॉर्ज फोरमनचा हिशेब 40 लढती, 40 विजय, 37 नॉकआउट. ज्या जो फ्रेझरने अलीला हरवलं होतं, त्याला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं. अलीने काय केलं? दोरांना टेकला, ठोसे हातांवर आणि खांद्यांवर घेतले, क्लिंचमध्ये (एकमेकांना धरून ठेवतात तेव्हा) मान खाली दाबली आणि फोरमन श्वास घ्यायला थांबला की सरळ उजवा मारला. आठव्या फेरीत फोरमनच्या हातात जोर उरला नव्हता आणि अलीने त्याला नॉकआउट केलं. ताकद दमते. अंतराचा अंदाज त्या मानाने फार उशिरा दमतो.

आणि कॉन हरला तो तेराव्या फेरीत स्वतः नॉकआउट शोधायला गेला म्हणून. बारा फेऱ्या जे करत होता तेच आणखी तीन फेऱ्या केलं असतं तर किताब त्याचा होता.

उजवा_हात

तो गेला, कारण बाराव्या फेरीत त्याने लुईला खरोखर हलवलं होतं. जिंकायची सगळ्यांत पक्की वाट तीच आहे हे कॉनसारख्या चपळ बॉक्सरलाही पटलं होतं. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला नको.

तिसरा_कोपरा

माइक टायसनला ताकदीच्या खात्यात घालण्याआधी माझं ऐका, कारण ही चूक नेहमी होते. 1988 मध्ये मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवणारा टायसन उंचीने हेवीवेटमध्ये बुटकाच. समोरच्याचा हात लांब, जॅब लांब. त्या जॅबच्या आत शिरायला तो डोकं सतत हलवायचा, ठोसा कानाजवळून जाऊ द्यायचा आणि त्याच हालचालीत हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) तयार ठेवायचा. त्याचा प्रशिक्षक कस डमाटोने त्याच्याकडून घोटून घेतलेली गोष्ट ही होती. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत ठोसा तोच होता. आठव्या फेरीत त्याने बस्टर डग्लसला पाडलंही. पण डोकं हलायचं थांबलं होतं. डग्लसचा जॅब रात्रभर तोंडावर बसत राहिला आणि दहाव्या फेरीत टायसन माउथगार्ड चाचपत गुडघ्यांवर होता.

उजवा_हात

टायसनबद्दल मान्य. आता कौशल्याचा आदर्श म्हणून सगळे ज्याचं नाव घेतात त्या उसिककडे या. 18 मे 2024, रियाध, टायसन फ्युरीविरुद्ध. कार्डं होती 115-112 आणि 114-113 उसिकच्या बाजूने, 114-113 फ्युरीच्या. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लडखडला आणि रेफरीने मोजलं, म्हणजे तो नॉकडाउन धरला, म्हणून ती फेरी 10-9 ऐवजी 10-8 झाली. तो एक गुण काढा आणि पुन्हा बेरीज करा: एक कार्ड उसिकचं, एक फ्युरीचं, एक बरोबरीत. लढत अनिर्णित! जगज्जेतेपदाचे चारही पट्टे एकत्र आले ते एका नॉकडाउनमुळे.

अंतर_मोजणारा

बेरीज बरोबर आहे. पण ती नववी फेरी परत पाहा. सुरुवात एका डाव्या हाताने झाली, पाडलं त्यामागून आलेल्या ठोशांच्या माऱ्याने. आठ फेऱ्या पोटावर, छातीवर जे काम झालं होतं त्यानंतर. तिथे एका ठोशाची ताकद शोधणं मला अन्यायाचं वाटतं, विशेषतः जो माणूस जवळपास 40 पौंड हलका होता त्या उसिकवर.

मला खरं बोलायचंय ते वाइल्डरबद्दल, कारण हा वाद त्याच्यावरच येऊन थांबतो. ऑर्टिझविरुद्ध सहा फेऱ्या तो फार थोडे ठोसे मारत होता. लोकांना वाटलं तो हरतोय, गुणांवर हरतही होता. पण तो अंतर घेत होता. ऑर्टिझ केव्हा थांबतो, वजन कुठल्या पायावर टाकतो, हे कळेपर्यंत उजवा राखून ठेवणं यालाही कौशल्यच म्हणतात, फक्त त्याला गुण मिळत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये जोसेफ पार्करने त्याला ते अंतर एकदाही मिळू दिलं नाही. ताकद खांद्यात तशीच होती आणि बारा फेऱ्या तिथेच राहिली.

आणि फ्युरी! डिसेंबर 2018 मध्ये बाराव्या फेरीत तो पाठीवर सपाट पडला, मोजणी संपायच्या आत उठला आणि उरलेला वेळ वाइल्डरलाच मागे ढकलत लढला. हे मला आजही पाहताना अंगावर येतं. ऑक्टोबर 2021 मध्ये वाइल्डरविरुद्धच चौथ्या फेरीत दोनदा पडून अकराव्यात जिंकला. या उठण्याला तुम्ही दोघेही जागाच देत नाही. सर्वांत जड उजवा बसल्यावरही माणूस उठत असेल, तर ‘एक सेकंद पुरतो’ हे विधान अपुरं आहे.

उजवा_हात

फ्युरीच्या उठण्याला माझा सलाम. पण एक गोष्ट कुणी खोडलेली नाही. 5 नोव्हेंबर 1994, जॉर्ज फोरमन, वय 45. पाय गेलेले, वेग गेलेला, तिन्ही कार्डांवर मागे. दहाव्या फेरीत एक डावा, एक उजवा, आणि मायकल मूरर चित. त्या वयात कुठलं फुटवर्क त्याला जगज्जेता करणार होतं?

जॅबवाला

कुठलंच नाही. पण मूररचा कोपरा (रिंगबाहेरचे त्याचे प्रशिक्षक) त्याला ओरडून सांगत होता, समोर उभा राहू नकोस, फिरत राहा. तो उभा राहिला. फोरमनने वीस वर्षांपूर्वीची घाई सोडली होती, डावा हलका टाकत तो मूररला त्याच जागी धरून ठेवत होता. किन्शासातल्या फोरमनला हे जमलं नसतं.

आणि उसिकचा हिशेब करताना डिसेंबर 2024 ची दुसरी लढतही घ्या. फ्युरी 281 पौंड, उसिक 226. बारा फेऱ्यांत कुणीही पडलं नाही, आणि तिन्ही जजनी उसिकला 116-112 दिले. तिथे कुठला गुण काढणार?