प्ले स्टोअरवर पहिलं अ‍ॅप टाकायचंय, आधी फुकट ठेवू का?

फवारणीवाला
मंडळी, निफाडला आमची द्राक्षबाग आहे. फवारणीची वही ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर हरवते, नाहीतर औषधाने भिजते, म्हणून मी फ्लटरमध्ये (हे अ‍ॅप बनवायचं टूल) छोटं अ‍ॅप बनवलं आणि गावातले आठ-नऊ जण ते वापरतायत, एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. आता प्ले स्टोअरवर टाकायचंय. खर्च किती? गुगल कमाईतले 30 टक्के खरंच कापतं का? आधी फुकट द्यायचं आणि लोक वाढले की 99 रुपये लावायचे असं डोक्यात आहे. आयफोनवर पण टाकू का?

रात्रपाळी
कमिशनची काळजी आत्ताच नको रे. 2021 मध्येच वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवरचा कट 15 टक्क्यांवर आणला गुगलने, तू तिथवर पोचलास की पार्टी दे. अकाउंटचे 25 डॉलर, एकदाच. पण ते आधी फुकट मग पेड जमणार नाही, फुकट पब्लिश केलेलं अ‍ॅप नंतर पेड करताच येत नाही, नवीन पॅकेज नेमने (म्हणजे फोन आणि स्टोअर ज्यावरून ओळखतात ते आतलं नाव) दुसरं अ‍ॅप टाकायचं आणि रिव्ह्यू-डाउनलोड सगळं शून्यापासून. अ‍ॅप फुकटच ठेव, पैसे आत घे, सबस्क्रिप्शन वगैरे. आयफोनचं राहू दे, तिथे दरवर्षी 99 डॉलर आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडची फाइल बनवायला, मॅक लागतो. बागेत किती जणांकडे आयफोन आहे?

कोल्हापुरी_कोडर
टेस्टिंगचं कोणी बोललंच नाही. नवीन पर्सनल अकाउंट असेल तर क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांची चाचणी) 12 जण सलग 14 दिवस लागतात, मगच प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांना खुलं करायला, अर्ज करता येतो (आधी 20 लागायचे). मी हौसेने मामेभाऊ, मावसभाऊ सगळ्यांचे जीमेल लिस्टमध्ये टाकले आणि निवांत बसलो, दहाव्या दिवशी बघतो तर निम्म्यांनी लिंक उघडलीच नव्हती. नुसता मेल टाकून चालत नाही, प्रत्येकाने स्वतः लिंक उघडून ऑप्ट-इन करायचं, म्हणजे होकार द्यायचा असतो. एकेकाच्या घरी जाऊन मोबाईल हातात घेऊन करून दे.

फवारणीवाला
नऊ तर आहेतच, तिघं शोधतो. पॅकेज नेम ते नमुन्याचं कॉम डॉट एक्झाम्पलच आहे अजून, चालेल ना?

रात्रपाळी
अरे नाही! ते प्ले घेतच नाही. आणि आता खरी गोची ऐक, नाव बदललंस की फोनसाठी ते वेगळंच अ‍ॅप, जुन्याच्या शेजारी जाऊन बसणार आणि आतल्या नोंदी त्याला दिसणार नाहीत. डेटा फोनमध्येच आहे की सर्व्हरवर?

फवारणीवाला
फोनमध्येच. अख्ख्या हंगामाच्या फवारण्या आहेत त्यात 😓

कोल्हापुरी_कोडर
मग आधी जुन्या अ‍ॅपमध्ये एक्सपोर्टचं बटण दे, सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) निघाली तरी बास, नवीनमध्ये इम्पोर्ट दे. जुनी एपीके ज्या लॅपटॉपवर बनवलीस त्याच लॅपटॉपवरून बिल्ड कर, त्यावरची साइनिंग की (अ‍ॅपवरची डिजिटल सही) बदलली तर जुन्यावर अपडेट बसणार नाही, आणि अनइन्स्टॉल केलं की नोंदी गेल्या. पॅकेज नेम पण नीट विचार करून ठेव, पब्लिश झाल्यावर बदलत नाही.

फवारणीवाला
लॅपटॉप गेल्या महिन्यात फॉरमॅट मारला ना…

रात्रपाळी
मग की पण गेली असणार, एक्सपोर्टचं अपडेट जुन्यावर बसायचं नाही. नऊ जणांना आजच फोन कर, म्हणावं काहीही झालं तरी अ‍ॅप काढू नका.