परसातल्या लाकडी खोलीच्या फळ्या खालून कुजल्यात. लांबी (पुट्टी) भरू की बदलू?

कळंबा_परसबाग:
नमस्कार मंडळी. कळंब्यात घरामागं दहा बाय आठची लाकडी खोली आहे. खुरपी, फवारणीचा पंप, नातवाची सायकल, सगळं तिच्यातच. सांगाडा सागवानी. बाहेरच्या फळ्या मात्र शिरोली एमआयडीसीत यंत्रं येतात त्या खोक्यांच्या, पाईनवूडच्या. 2015 साली फुकटात मिळाल्या म्हणून हौसेनं आडव्या, एकावर एक चढवून मारल्या होत्या.

आता पश्चिमेच्या अंगाला खालच्या तीन फळ्यांचा रंग फुगलाय. काल सहज स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत! चहात बुडवलेल्या बटरासारखा चुरा हातात आला. वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठं दिसत नाहीत. रंगारी म्हणतो, लांबी भरून ऑइलपेंटचे दोन हात मारू, चार हजारात काम. सौ. म्हणते, काढून टाका आणि पत्रा मारा. पत्रा मारला तर एप्रिलमध्ये आत भट्टीच की. काय करावं?

रंधा_करवत:
काका, लांबीच्या नादाला लागू नका. कुजक्या लाकडाला ती धरत नाही, वर ऑइलपेंट मारला की आतली ओल कोंडते आणि कूज पुढं सरकते. दिवाळीनंतर पुन्हा तेच.

आधी टोचत टोचत कडेला जा. लाकूड टणक लागलं की त्याच्या पुढचा उभा वासा गाठा आणि त्याच्या मधोमध काप घ्या, म्हणजे नव्या-जुन्या दोन्ही फळ्यांना खिळायला जागा राहते. फळी ओढून काढू नका, वरची चिरेल. वरच्या फळीखाली लाकडाची पाचर ठोकून जरा उचला, फटीतनं नुसतं हॅक्सॉचं पातं घालून खिळे कापा. खालची अलगद सुटते.

नवीन फळी पाईनची नको, उघड्यावर त्याच्यात दम नसतो. टिंबर मार्केटात जुनं सागवान किंवा किंजळ बघा. बसवायच्या आधी फळीला पाठीमागनं पण प्रायमर लावा. कापलेल्या डोक्यांना दोनदा, पाणी सगळ्यात जास्त तिथनंच आत जातं. स्क्रू स्टीलचे घ्या, साध्या लोखंडानं सागवानावर काळे ओघळ येतात.

चुयेकर:
प्रायमर कशाला, जवसाचं तेल द्या की, लाकूड दिसतं तरी. फक्त तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटतो. आमच्या पडवीत धूर निघाला तेव्हा कळलं. पाण्यात भिजवा नाहीतर तारेवर मोकळे वाळत घाला.

आडवा_पाऊस:
फळी बदलायचं सगळे सांगताय, पण पाणी येतंय कुठनं? काका, छपराला पन्हळ आहे का? आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किती वर आहे? वीतभर तरी पाहिजे, नाहीतर पागोळीचं पाणी मातीवर आपटून फळीवरच उडतं.

कळंबा_परसबाग:
आडवा_पाऊस, तुम्ही विचारल्यावर सकाळी जाऊन नीट बघितलं. पन्हळ आहे, पण आंब्याच्या पानांनी गच्च. ते दहा मिनिटांचं काम.

खरी गंमत खाली आहे. गेल्या वर्षी गुलाबाचा वाफा केला तो भिंतीला लागूनच. माती आणि शेणखत चढत चढत दुसऱ्या फळीपर्यंत. खुरप्यानं हातभर माती ओढली तर फळीच्या मागं दोन गांडुळं निवांत! त्याच्या आतली सागवानी पट्टी मात्र टणक, स्क्रूड्रायव्हरचं नुसतं टोक उमटलं.

तीन फळ्या उद्या काढतो. भिंत उघडी ठेवून वरून ताडपत्री, आणि रंग पाऊस उघडून लाकूड खडखडीत वाळल्यावरच. रंगाऱ्याला नको म्हणून कळवलंय. पत्र्याचा विषय पण सध्या थांबलाय. वाफा मीच केला होता, हे मात्र घरात अजून बोललेलो नाही.