ओबामा जिंकला त्या रात्री काळ्या लोकांच्या घरात नक्की काय चाललं होतं?

अर्धाकप
काल लेकीच्या प्रोजेक्टसाठी ४ नोव्हेंबर २००८ ची शिकागोच्या ग्रँट पार्कातली क्लिप बघत होतो. गर्दीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे नेते जेसी जॅक्सन उभे, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आणि लेक विचारते बाबा हे तर जिंकलेत ना मग रडतायत का? मी आपलं आनंदाश्रू वगैरे सांगून वेळ मारून नेली पण मलाच पटलं नाही. जॅक्सनचं एकवेळ समजतं, १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली तेव्हा हा माणूस त्याच मोटेलवर होता, नंतर ८४ आणि ८८ ला स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढून हरला. पण साध्या घरांत काय झालं? कोणी जवळून बघितलं असेल तर सांगा, पेपरातलं नको.

वाऱ्यावरची_वही
मी तेव्हा शिकागोतच एमएस करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घ्यायला गेलो तर सगळीकडे संपलेले, चौथ्या दुकानात रांग. माझ्या पुढच्या बाई तीन कॉपी मागत होत्या आणि दुकानदार म्हणे एकच मिळेल. त्या म्हणाल्या एक फ्रेम करायला, एक नातवाला. आणि तिसरी? "अरे वाचायला नको का!" सगळी रांग हसली, त्याने दिल्या तिन्ही.

अजून एक, व्हाईट हाऊसमधला तो फोटो शोधा, २००९ चा, तिथल्या सरकारी फोटोग्राफर पीट सूझाने काढलेला. पाच वर्षांचा काळा मुलगा, ओबामा कमरेत वाकलाय आणि मुलगा त्याच्या डोक्याला हात लावून बघतोय की केस आपल्यासारखेच आहेत का. तिथले फोटो सारखे बदलायचे, हा मात्र भिंतीवर राहिला. लेकीला तो दाखवा, जास्त कळेल.

तिरकस
सगळं छान, पण फ्रेमने पोट भरत नाही. त्याच सुमारास सबप्राइम, म्हणजे चढ्या व्याजाची जोखमीची घरकर्जं गळ्यात मारलेल्या किती काळ्या कुटुंबांची घरं जप्त होत होती ते कोण बघतंय. २०१२ ला फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन, १७ वर्षांचं पोर, दुकानातून परत येताना गोळी घालून मारलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष काळाच होता ना? आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टाने काळ्यांच्या मताचं रक्षण करणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच काढून घेतला, अलाबामातल्या शेल्बी काउंटीची केस. प्रतीकाचं फार कौतुक करू नये एवढंच म्हणणं आहे.

मीरा_बर्मिंगहॅम
तिरकस, शेल्बी काउंटी आमच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे ते मला नका सांगू 🙂

अर्धाकप, माझं सासर काळं, अलाबामातलं, सासूबाई मूळच्या सेल्माच्या. त्या रात्री मी त्यांच्याच घरी होते. दहा वाजता टीव्हीवर जाहीर झालं, नवरा आणि दीर ओरडत अंगणात पळाले, गल्लीत हॉर्न सुरू झाले, आणि सासूबाई मात्र खुर्चीच्या टोकावर तशाच बसून. पहाटे मतदानाला जाताना घातलेला चर्चचा सूट रात्रीपर्यंत अंगावरच. ओबामा बायकोमुलींना घेऊन स्टेजवर आला तर या पुढे वाकून म्हणतात, काच आहे ना दोन्ही बाजूंना? बुलेटप्रूफ काच होती तिथे, ती नीट दिसेपर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही. आनंद वगैरे नंतर, आधी हे. मला तोवर वाटायचं आपल्याला या घरातलं सगळं कळतं, पण काचेचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग उशिरा सासूबाई आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या. सेल्मात मतदार नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडायचं, पहिला आणि तिसरा सोमवार. वडील त्या दिवसाची मजुरी सोडून, टाय लावून कोर्टहाऊसच्या रांगेत उभे राहायचे. कधी नंबरच लागायचा नाही, कधी नोंदणीसाठीच्या लेखी चाचणीत नापास, कधी आधीपासून मतदार असलेला कोणीतरी ओळख द्यायला आणा म्हणायचे. १९६३ ला गेले, एकदाही मत न देता. मतदान हक्क कायदा आला ऑगस्ट १९६५ ला, मग केंद्र सरकारची माणसं सेल्मात येऊन बसली आणि २१ वर्षांच्या सासूबाईंचं नाव एका दिवसात लागलं. त्या रात्री त्या वडिलांचे सोमवार मोजत होत्या, बोटांवर, ओबामाचं भाषण बाजूला चालू. आणि हो, आमचं अलाबामा ओबामाच्या विरोधातल्या मॅककेनलाच गेलं होतं, आणि राज्य जिंकणाऱ्यालाच तिथली सगळी मतं मिळतात, म्हणजे हिशोबाने त्यांचं मत वायाच गेलं, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप नाही.

अर्धाकप
मीराताई, काय लिहू कळत नाहीये. लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय आजींना आता काय वाटतं?

तिरकस
माझा मुद्दा कायम आहे, पण सोमवारचं माहीत नव्हतं.

मीरा_बर्मिंगहॅम
तुमचा मुद्दा त्यांनाही मान्य आहे हो. शेल्बीच्या निकालानंतर इथे मतदानाला फोटो आयडी लागायला लागलं, आणि २०१५ ला राज्याने ते आयडी म्हणून चालणाऱ्या ड्रायव्हिंग लायसन्सची ३१ ऑफिसं बंद केली, त्यातली बरीचशी काळ्या वस्तीच्या काउंट्यांत. बोंबाबोंब झाली तेव्हा म्हणाले बरं, महिन्यातून एक दिवस उघडू. सासूबाई म्हणाल्या, वडिलांच्या वेळी दोन दिवस तरी होते. मग फोन उचलून भाचीला विचारलं, तुझं लायसन्स कधी संपतंय, तो एक दिवस कुठला ते बघ, मी गाडी घेऊन येते.