औंधच्या टेकडीवर आजची प्रयोगकला आणावी का?

माणगंगा : सातारा जिल्ह्यातल्या खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात, औंधच्या यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्मा, धुरंधर, बंगाल शैलीची चित्रं तिथे आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. पंत स्वतः चित्रकार. १९३९ मध्ये गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना याच संस्थानात आली. म्हणजे प्रयोग या मातीला नवा नाही. मग मुंबई-बडोद्यात आज होणारी मांडणीशिल्पं (वस्तू जागेत मांडून केलेली कामं), व्हिडिओ, ध्वनीची कामं इथल्या पोरांनी फक्त फोनवर का बघायची? दरवर्षी चार-पाच कलावंतांनी दोन महिने औंधला राहावं आणि केलेलं काम संग्रहालयातच मांडावं, असं मला मनापासून वाटतं.

रंगपेटी : माझा विरोध आहे. याच पट्ट्यात मी चित्रकला शिकवतो. जवळच्या कोल्हापूरला आबालाल रहिमानपासून निसर्गचित्रांची परंपरा आहे. ती पुढे नेणाऱ्या इथल्या पोरांना तालुक्याच्या गावी चित्र टांगायला भिंत मिळत नाही. कित्येक शाळांत चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षक नाही. इंटरमिजिएटची परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिली की ब्रश कायमचा खाली. आधी हे बघा.

आणि शहरातून आलेलं असं प्रदर्शन मी एका गावात पाहिलं आहे. उद्घाटनाला गाड्या भरून माणसं. भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी व्हिडिओचे पडदे बंद, कारण ते चालू कसे करायचे हे रखवालदाराला कुणी सांगितलंच नव्हतं. गावाला त्यातून एवढंच कळलं की हे आपल्यासाठी नाही.

माणगंगा : इंग्रजी मजकुराचं अगदी बरोबर आहे. पण लोकांना झेपणार नाही, हे मी मानत नाही. औंधचा संगीत महोत्सव बघा. १९४० मध्ये अंतूबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. ख्याल काही सोपा नाही, तरी गावातली माणसं ऐकायला बसतात. गावासाठी गाणं सोपं करा, असं कुणी म्हटलं नाही. गाणं दरवर्षी त्याच गावात येत राहिलं आणि कान तयार झाला. डोळा का होणार नाही?

पिंपळपार : मी जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करते. कल्पना आवडली, पण जागेला माझा ठाम नकार. मांडणीशिल्पात लाकूड, धान्य, शेण, माती, लोकर येते आणि सोबत कीड येते. रविवर्म्याच्या तैलचित्राशेजारच्या दालनात ती शिरली तर नंतर पस्तावून उपयोग नाही. व्हिडिओसाठी खिडक्या झाकल्या की हवा कोंडते, दिव्यांची उष्णता वाढते. शिवाय इमारत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, तिथे साधा खिळा ठोकायलाही परवानगी लागेल. गावातला एखादा रिकामा वाडा घ्या.

कातळ : छत्तीसगडमध्ये, बस्तरमधल्या कोंडागावचं उदाहरण कुणीच घेतलं नाही? कलावंत नवज्योत अल्ताफ मुंबईच्या. १९९०च्या दशकात त्या तिथे गेल्या आणि जयदेव बघेल, शांतीबाई, राजकुमार अशा तिथल्या कलावंतांसोबत काम करू लागल्या. त्यातून 'नळपार' झालं. हातपंपाभोवतीची जागा त्यांनी नव्याने घडवली. पाणी नीट वाहून जावं, भरलेली घागर खांद्यावर घेण्याआधी टेकवता यावी, अशी. बायका तिथे रोज येणारच. गॅलरीत या, असं सांगावं लागलं नाही. मुलांसाठी 'पिल्ला गुडी', म्हणजे मुलांची देवळं, उभी राहिली. मुंबईतलं प्रदर्शन उचलून तिकडे नेलं असतं तर यातलं काही घडलं नसतं.

रंगपेटी : कातळ, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अल्ताफ वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या, आणि सोबतची माणसं मुळात कारागीर-कलावंत होती. इथे दोन महिन्यांत काय होणार? माण-खटावात घोंगडी विणणारे आहेत, गजी नाचणारे धनगर आहेत, हाताने पाट्या रंगवणारे पेंटर आहेत. त्यांच्याकडून शिकायला कुणी येणार असेल तर बोला.

माणगंगा : दोन महिने कमी पडतील, हे पटलं. वाड्याचंही पटलं. पण शहरी कला आणि गावची कला अशी वाटणी मला मान्य नाही. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातले, घरची माणसं कोळसा खाणीत राबलेली. तीच खाण त्यांनी रेखाटनांत, अ‍ॅनिमेशनमध्ये, कोळशाने काढलेल्या भिंतीएवढ्या चित्रांत आणली. ती साधनं त्यांना परकी वाटली नाहीत. आपल्या चारा छावण्यांवर, ऊसतोडीला गेलेल्या घरांवर एखादी पोरगी उद्या ध्वनीचं काम करेल. पण त्यासाठी तिने आधी असं काम जवळून पाहिलेलं हवं, करणाऱ्याशी बोललेलं हवं.

रंगपेटी : त्या पोरीसाठी मी माझा विरोध थोडा मागे घेतो, सगळा नाही. पाच कलावंत नकोत, एकच आणा, तीन वर्षांसाठी. आठवड्यातून दोन दिवस शाळेत शिकवायचं. काम यमाईच्या पौषातल्या यात्रेत मांडायचं, सगळा तालुका तेव्हा औंधात असतो. मजकूर मराठीत. आणि मांडणीच्या खर्चाइतकाच पैसा इथल्या पोरांच्या रंग-कागदाला. या अटी लिहून देणारं कुणी असेल तर माझे विद्यार्थी घेऊन मी पहिल्या दिवशी येतो.

पिंपळपार : लोकर आणि घोंगड्या आधी माझ्याकडे तपासायला द्या, म्हणजे झालं.