छोटा कुत्रा दत्तक घ्यायचाय, दुकानातून नको. शोध कसा घ्यावा?

पायवाट:
घरात आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे वेळ पडली तर उचलून जिना उतरता येईल असाच कुत्रा हवा, पूर्ण वाढ झाल्यावर आठ-नऊ किलोच्या आत. जातीचा आग्रह नाही. पेट शॉपमधून आणायचा नाही, हे पक्कं.

अडचण अशी की शेल्टरच्या याद्यांमध्ये मध्यम आणि मोठेच कुत्रे दिसतात. छोटा दिसला तर चौकशी करेपर्यंत गेलेला असतो. पिल्लू घेतलं तर ते किती वाढणार हे आधी कसं कळतं? ‘मोफत दत्तक’ अशा जाहिरातींतल्या खऱ्या कोणत्या? आणि बघायला गेल्यावर काय तपासायचं?

करवंद:
छोटे कुत्रे यादीत फार काळ दिसत नाहीत, कारण बरेचसे यादीत येण्याआधीच जातात. शेल्टरकडे आधीपासून नाव नोंदवलेली घरं असतात, पाच-सहा किलोचा कुत्रा आला की पहिला फोन त्यांना जातो. म्हणून कुत्रा दिसल्यावर फॉर्म भरण्यापेक्षा फॉर्म आधी भरून ठेवा आणि त्यात काय हवंय ते नेमकं लिहा. ‘छोटा कुत्रा हवा’ एवढ्यावर कुणी फोन करत नाही. ‘नऊ किलोपर्यंत, वय एक ते आठ वर्षं, नर-मादी कोणतंही, जात कोणतीही, नऊ वर्षांच्या मुलाची सवय होऊ शकेल असा’ असं लिहिलंत की तिथल्या माणसाला तुमचं घर लक्षात राहतं. घरमालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी, घरातल्या सगळ्यांची संमती, दिवसात कुत्रा किती तास एकटा राहील आणि तुम्ही बाहेरगावी गेलात तर कोण बघेल, हे सोबत जोडा. अर्ज बहुतेक वेळा याच चार गोष्टींवर अडतात.

शेल्टरइतकंच लक्ष फॉस्टर घरांकडे द्या. आजारी, घाबरट किंवा अगदी लहान जीव पिंजऱ्यात न ठेवता स्वयंसेवकांच्या घरी ठेवले जातात, आणि छोटे कुत्रे त्यांत बरेच असतात. फॉस्टरकडच्या कुत्र्याबद्दल माहितीही खात्रीची मिळते: रात्री झोपतो का, एकटा राहिला तर भुंकतो का, शी-शूची सवय आहे का, जिना चढतो का. पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

तिसरी जागा म्हणजे मालक सोडून देतात ते कुत्रे. स्थलांतर, घरातलं आजारपण, मालकाचा मृत्यू अशा कारणांनी पाच-सात वर्षांचे, घरात वाढलेले छोटे कुत्रे अचानक बेघर होतात. ही बातमी सगळ्यात आधी व्हेटच्या दवाखान्यात, ग्रूमरकडे आणि बोर्डिंगवाल्यांकडे पोचते. तिथल्या काउंटरवर तुमचं नाव, नंबर आणि वरची दोन ओळींची अपेक्षा लिहून ठेवा. ठरावीक जातींसाठी काम करणारे रेस्क्यू गटही असतात. त्यांच्याकडे संकरित कुत्रेही येतात, तेव्हा जातीचा आग्रह नसला तरी तिथे विचारा.

वयाची अट जितकी सैल कराल तितकं काम सोपं होईल. छोटे कुत्रे साधारण १२ ते १६ वर्षं जगतात, त्यामुळे सहा वर्षांचा कुत्रा म्हातारा मुळीच नाही.

शेवंती:
पिल्लू किती वाढेल याबद्दल. पंजे मोठे म्हणजे कुत्रा मोठा होणार, हा ठोकताळा विश्वासाचा नाही. आई समोर असेल तर तिचं वजन बघा, पण बाप माहीत नसेल तर तेही अर्धंच उत्तर.

त्यातल्या त्यात उपयोगी पडतं ते वय आणि वजन मिळून. छोट्या चणीची पिल्लं चार महिन्यांच्या आसपास, बरीचशी त्याआधीच, प्रौढ वजनाच्या निम्म्यावर येतात. मोठ्या चणीची त्या वयात निम्म्याच्या खालीच असतात. म्हणजे चार महिन्यांचं पिल्लू चार किलोचं असेल तर ते आठच्या आसपास थांबण्याची शक्यता बरी. सहा किलोचं असेल तर तुमच्या मर्यादेत बसणार नाही. दोन महिन्यांच्या पिल्लावरून मात्र अंदाज बांधू नका.

पण हे गणित वय खरं असेल तरच चालतं, आणि सांगितलेलं वय बऱ्याचदा चुकीचं असतं. म्हणून तोंड उघडून बघा. दुधाचे दात २८, पक्के ४२. पुढचे लहान दात साधारण तीन ते चार महिन्यांत बदलायला लागतात, सुळे पाच ते सहा महिन्यांत, आणि सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के आलेले असतात. पुढचे दात रुंद, पांढरे आणि सुळे अजून सुईसारखे बारीक असतील तर पिल्लू चार-पाच महिन्यांचं आहे, मग समोरचा दोन महिने म्हणो की सहा. कुपोषित पिल्लाचं वजन वयाच्या मानाने कमी भरतं, तेव्हा बरगड्या वर आलेल्या असतील तर अंदाजात वाढ धरा.

वजन घरच्या काट्यावर करता येतं: पिल्लू कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. दोनदा करा, छोट्या जिवात अर्ध्या किलोनेही फरक पडतो.

वजनाची मर्यादा जिन्यामुळे पक्की असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एक वर्षाच्या पुढचा कुत्रा घ्या. छोट्या कुत्र्यांची वाढ १० ते १२ महिन्यांत पुरी होते, मग काटा सांगेल तेच खरं.

कोपरापान:
जाहिरातींबद्दल. खऱ्या दत्तक जाहिरातीत देणारा तुम्हाला प्रश्न विचारतो, खोट्यात फक्त घाई करतो. ‘आज पैसे पाठवा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे’, ‘कुत्रा मोफत, फक्त वाहतुकीचा खर्च आधी’, ‘विमान कंपनीने पिंजऱ्याचे पैसे मागितलेत’ ही सगळी फसवणुकीची ठरलेली वाक्यं. कुत्रा प्रत्यक्ष बघेपर्यंत एक पैसाही पाठवू नका.

जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून तो आणखी कुठे आहे ते बघा. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत निघाला तर विषय संपला. नाहीतर व्हिडिओ कॉलवर कुत्र्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा.

दुसरा प्रकार जास्त फसवा. दत्तकाच्या नावाखाली विक्री करणारे ब्रीडर. एकाच नंबरवरून दर थोड्या दिवसांनी नवी पिल्लं, कधी या जातीची कधी त्या, ‘फी’ जातीप्रमाणे वेगळी, आई दाखवायची टाळाटाळ, भेट रस्त्यावर किंवा गाडीपाशी. संस्था जी फी घेते ती लस, नसबंदी, तपासण्या यांसाठी असते आणि त्याचे कागद असतात. दत्तक करारात ‘जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत करावा’ हे कलम बघा. ज्यांना कुत्र्याची काळजी आहे ते हे कलम घालतातच. ते नसेल तर मी दोनदा विचार करेन.

मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर दवाखान्यात स्कॅन करून घ्या. आकडे साधारणपणे १५ असतात. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा आणि नोंद तुमच्या नावावर बदलून मिळायला हवी. चिप आहे पण नोंद भलत्याच्या नावावर, म्हणजे कुत्रा हरवलेलाही असू शकतो.

पायवाट:
सगळ्यांचे आभार, फॉर्मचं लगेच करते. एक शंका. दुकानातल्या काचेमागचं पिल्लूही बिचारंच असतं ना? त्यालाच सोडवून आणलं, तर ते दत्तक घेण्यासारखंच नाही का?

कोपरापान:
नाही. त्या एका पिल्लाचं भलं होतं हे खरं, पण दिलेले पैसे पुढच्या पिल्लाची मागणी होऊन बसतात. पिंजरा काही दिवसांत भरतो, आणि मागे कुठेतरी एक मादी पुन्हा व्यायला लावली जाते. तिला कुणी काचेत ठेवत नाही, म्हणून ती दिसत नाही.

पिल्लाच्या बाजूनेही बघा. कुत्र्याच्या पिल्लाला माणसं, आवाज, इतर कुत्री यांची भीती न वाटण्याची सवय लागते ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तो काळ पिंजऱ्यात गेला की पुढे भीती आणि चावणं यांचं प्रमाण वाढतं. गोंडस दिसावं म्हणून आठ आठवड्यांच्या आधीच आईपासून तोडलेलं असेल तर भावंडांशी खेळताना दाताचा जोर किती लावायचा हे शिकणंही राहून जातं. शिवाय वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र ठेवली जातात. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून घेताना पिल्लू टुणटुणीत दिसतं आणि घरी आल्यावर उलट्या, रक्ताची हगवण सुरू होते. पिल्लांचे हाल दिसले तर प्राणी-कल्याणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेकडे फोटो आणि तारखेसह तक्रार करा. त्याचा उपयोग मागच्या मादीलाही होतो.

आणि ‘टीकप’ म्हणून अगदी इवलेसे कुत्रे विकतात, पण त्या नावाची जात नाही. खुजी, अशक्त पिल्लं निवडून किंवा कमी खायला घालून तो आकार मिळवलेला असतो.

रानजाई:
आता तपासणीचं. छोट्या कुत्र्यांचे आजार थोडे वेगळे असतात, म्हणून सर्वसाधारण ‘डोळे चकचकीत, नाक ओलं’ यापलीकडे बघायला हवं.

मोकळ्या जागेत चालवून, पळवून बघा. मागचा एक पाय दोन-चार पावलं उचलून तीन पायांवर उडी मारतो आणि मग काही झालंच नाही असा चालतो, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता मोठी. व्हेट तिची १ ते ४ श्रेणी सांगतात. पहिल्या श्रेणीत बहुधा वजन आटोक्यात ठेवून भागतं, वरच्या श्रेणींत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तुमच्याकडे जिना आहे, तेव्हा हे विचारल्याशिवाय ठरवू नका. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्याची चकती सरकण्याचा धोका असतो, तिथेही जिना वाईटच.

पट्टा ओढला गेल्यावर हंस ओरडल्यासारखा कोरडा खोकला आला, तर श्वासनलिका कमकुवत असू शकते. पोमेरेनियन, यॉर्की, चिवावा यांत हे नेहमी आढळतं. अशा कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीच लावायची नाही, छातीचा हार्नेसच. पग किंवा शित्झू असेल तर स्वस्थ बसलेला असताना श्वासाचा आवाज ऐका. बसल्याजागी घोरल्यासारखा आवाज येत असेल तर उन्हाळा आणि जिना दोन्ही त्याला जड जातील.

दात. छोट्या जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीने बसतात, त्यामुळे हिरड्यांचे आजार लवकर येतात. वरचा ओठ उचलून मागच्या दाढा बघा, पुढचे दात स्वच्छ असूनही तिथे तपकिरी थर असतो. सात महिन्यांच्या पुढे एकाच जागी दोन सुळे शेजारी दिसले तर दुधाचा सुळा पडलेला नाही. तो काढावा लागतो, आणि नसबंदी व्हायची असेल तर त्याच भुलीत काढून घेता येतो. वय सातच्या पुढे असेल तर छाती ऐकायला सांगा. हृदयाच्या झडपेचा आजार छोट्या कुत्र्यांत पुष्कळ असतो. मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला म्हणून कुत्रा नाकारायची गरज नाही, पण औषधं कधी लागतील याची कल्पना असावी. नसबंदी न झालेली प्रौढ मादी असेल तर शेवटचा हीट (माज) कधी झाला ते विचारा. नंतरच्या दोन महिन्यांत खूप पाणी पिणं, सुस्ती, स्राव दिसला तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, थांबायचं नाही.

कागदांत लसीच्या तारखा आणि बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल बघा. पिल्लांच्या लशी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायच्या असतात. ‘एक लस झाली’ म्हणजे संरक्षण झालं असं नाही. गोचीड-तापाची रक्ततपासणी मागा. हार्टवर्मची (डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांची) टेस्ट लागण झाल्यापासून पाच-सहा महिने निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून सहा महिन्यांनी परत करा.

करवंद:
रानजाई यांनी शरीराचं लिहिलंय, स्वभावाचं मी जोडतो. पिंजऱ्याच्या जाळीतून बघून मत बनवू नका. बाहेर काढून वीस मिनिटं तरी चालवा. समोरून वाकून हात डोक्यावर नेऊ नका, बाजूला उकिडवं बसून त्याला येऊ द्या. ओठ चाटणं, जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं हा ताण. मग किल्ल्या खाली टाका. दचकला तरी हरकत नाही, किती वेळात पुन्हा हुंगायला येतो ते बघा. काही सेकंदांत आला तर छान. लांब जाऊन थरथरत राहिला तर त्याला शांत घर आणि बराच वेळ लागेल. दुसऱ्या भेटीला मुलीला न्या. तिला जमिनीवर बसवा. मुलांच्या हातून निसटून छोट्या कुत्र्यांची हाडं मोडू शकतात, म्हणून उचलायचं फक्त मोठ्यांनी.

शक्य असेल तर आधी फॉस्टर म्हणून दोन-तीन आठवडे ठेवा आणि मग कागद करा, बऱ्याच संस्था याला तयार असतात.

घरी आल्यावर सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. घाबरलेला छोटा कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून डोकं सहज काढतो. पहिला महिनाभर हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन दोऱ्या, आणि दार उघडण्याआधी दोरी हातात. गॅलरीच्या गजांमधून त्याचं डोकं जात असेल तर तो पूर्ण जाऊ शकतो, आधी जाळी बांधा. पहिले काही दिवस जुनंच खाणं, मग आठवडाभरात पाव-पाव भाग वाढवत नवं. प्रमाणाचा अंदाज म्हणाल तर पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी पुरतात, खाऊ धरून. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असलेले पदार्थ त्याच्या हाती लागता कामा नयेत. एवढ्या वजनात थोडंही भारी पडतं.

पायवाट:
खूपच कामाचं. शेवटचं एक: जिन्यावरून उचलून न्यायचं तर कसं? आणि रोजच उचलायचं का?

रानजाई:
एक हात छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मागे. दुसरा हात मागून कुल्ल्यांखाली. पाठ जमिनीला समांतर ठेवून त्याला आपल्या अंगाशी दाबून धरायचं. काखेत धरून उचलू नका, मागचा भाग लोंबकळतो आणि पाठीवर ताण येतो. हार्नेसची दोरी मनगटात अडकवलेली असू द्या, जिन्यात कुणाच्या पायांचा आवाज आला तरी उडी मारतात. चढताना निरोगी प्रौढ कुत्र्याला स्वतः चालू दिलं तर चालेल. उतरताना पुढच्या पायांवर आणि पाठीवर जास्त भार येतो, तेव्हा पिल्लू, लांब पाठीचा, वाटी सरकणारा किंवा वयस्क असेल तर प्रत्येक वेळी उचलूनच. खाली ठेवतानाही हातातून उडी मारू देऊ नका, चारही पाय टेकेपर्यंत वाका.