मदत हवी आहे: ओसीडी नाही, पण लक्षणं तिकडे झुकतायत का?

माझ्या बहिणीला ओसीडी (नको ते विचार सारखे येणं आणि त्यामुळे त्याच त्याच कृती करत राहणं, असा मानसिक आजार) आहे, आणि आता माझा ९ वर्षांचा मुलगा रोज झोपताना विचारतो की मी मनात वाईट विचार केला तर खरंच कुणाला काही होईल का, मग सॉरी म्हणतो, परत विचारतो, असं चार-पाच वेळा. हात धुणं, मोजणं वगैरे काही नाही, शाळा, झोप, जेवण सगळं नीट. डॉक्टरांना दाखवलंय, ते म्हणाले आत्ता निदान करण्याइतकं नाही, लक्ष ठेवा.

वाचलं त्यात कळलं की विचार म्हणजे कृतीच असं वाटणं, सगळी जबाबदारी आपलीच वाटणं (हे मानसशास्त्रज्ञ साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्येच मांडलंय), अनिश्चितता सहन न होणं, परफेक्शनिझम, यांनी ओसीडीचा धोका वाढू शकतो. पहिले दोन त्याच्यात अगदी स्पष्ट दिसतात, म्हणूनच जीव घाबरतो. मी दरवेळी "काही नाही होणार रे" सांगायचे, पण दिलासा देत राहिलं की चक्र उलट पक्कं होतं म्हणे. मग एकदम उत्तर देणं बंद केलं तर तो रडरड रडला, ते मला परत करायचं नाहीये.

औषधं सुचवू नका प्लीज. ज्यांनी मुलांसोबत हे केलंय किंवा थेरपिस्ट आहेत त्यांनी सांगा, त्याने पुन्हा विचारलं की नेमकं काय बोलायचं, म्हणजे दिलासाही नको आणि त्याला एकटंही वाटायला नको?